औदुंबराभोवती पाच किलोमीटर

पदक आधी आलं आणि धावणं नंतर. तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

जानेवारीतली दुपार होती. कुरिअरवाला दारात उभा राहून माझं नाव घेत होता आणि मी त्याला सांगत होते की साहेब बाहेर गेलेत, नंतर या. माझ्या एकटीच्या नावाने आमच्या घरी काही येत नाही. लग्नाच्या पत्रिकांवरसुद्धा मी नुसती 'व सौ.' असते. शेवटी त्याने पाकीट माझ्या नाकासमोर धरलं आणि म्हणाला, "मॅडम, हे तुम्हीच ना?" मीच होते.

आत एक पिवळाधमक टी-शर्ट होता, छातीवर लावायचा कागदी नंबर होता, चार सेफ्टी पिना होत्या आणि निळ्या फितीचं एक पदक. पदकावर इंग्रजीत लिहिलं होतं की हिने शर्यत पूर्ण केली. मी गाऊनमध्ये उभी, हाताला कणीक लागलेली. मी नक्की काय पूर्ण केलं होतं ते काही केल्या आठवेना.

सोबतचा कागद चष्मा लावून तीनदा वाचला. शर्यत 'व्हर्च्युअल' होती. शनिवारपासून पुढच्या रविवारपर्यंत, नऊ दिवसांत केव्हाही आणि कुठेही, पाच किलोमीटर धावायचं किंवा चालायचं. फोनमध्ये एक अ‍ॅप घालायचं, ते अंतर मोजणार. जितके किलोमीटर जमतील त्या हिशेबाने जव्हारकडच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळणार. इथवर ठीक होतं. पण खाली छापलं होतं, 'टीममधील सदस्य : दोन'. पहिलं नाव माझं. दुसरं नाव माझ्या मुलीचं, नव्या आडनावासकट.

मी तिथेच लादीवर बसले. ते नाव छापलेलं बघून मला दोन वर्षं आणि चार महिने झाले होते.

मुलीने लग्न केलं तेव्हा आमच्या उमेळ्याच्या सोसायटीत सगळे म्हणाले, पळून गेली. मीही तेच म्हणत राहिले, कारण ते सोयीचं होतं. खरं म्हणजे ती पळाली नव्हती. आदल्या रविवारी मी मेथी निवडत होते, ती समोर बसून देठं मोडत होती, आणि तिने मला सगळं सांगितलं होतं. मुलगा वसई किल्ल्यामागच्या पाचूबंदरचा, कोळ्यांचा, ख्रिस्ती. दोघं एकाच ऑफिसात. बाबा ऐकणार नाहीत म्हणून शुक्रवारी रजिस्टर लग्न. "तू येशील का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बघू." शुक्रवारी मी दिवसभर खिडकीत बसून बघत राहिले.

त्या संध्याकाळी ह्यांनी एकच वाक्य उच्चारलं, "या घरात तिचं नाव काढायचं नाही." चार दिवसांनी तिचा फोन आला तेव्हा मी काय म्हणावं? "पळून जायच्या आधी विचार करायचा होतास." ती शांतपणे म्हणाली, "पळाले कुठे, आई? तुला सांगून गेले." मी फोन ठेवला. खोटं बोलणाऱ्याचा राग निवतो, खरं बोलणाऱ्याचा निवत नाही. नंतर ती दोघं पुण्याला गेल्याचं कानावर आलं. मी परत फोन केला नाही, तिनेही केला नाही, आणि मी ठरवून टाकलं की घर शांत ठेवायचं तर हे असंच चालायचं.

आता हे पाकीट. मला वाटलं, हे तिचंच काम. सरळ बोलायचं धाडस होत नाही, म्हणून आईला आडवळणाने हाक मारली. फक्त एक गोष्ट पटत नव्हती. टी-शर्ट माझ्या मापापेक्षा चांगला दोन नंबर मोठा होता. माझे ब्लाउज शिंप्याकडे टाकायला आणि आणायला तीच जायची, तिला माझं माप माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आई दोन वर्षांत फुगली असेल असा तिचा अंदाज असावा, अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि त्या अंदाजाचा मला रागही आला.

फोनला विचारलं, 'व्हर्च्युअल' म्हणजे काय. फोन म्हणाला, आभासी. आभासी धाव. म्हणजे धावल्याचा आभास निर्माण करायचा, एवढाच अर्थ मला लागला. तसं असेल तर मी त्यात मुरलेली होते. घरात सगळं ठीक असल्याचा आभास मी दोन वर्षं विनातक्रार चालवला होता, आणि त्याचं पदक मात्र कोणी दिलं नव्हतं.

अ‍ॅप घालायलाच एक दुपार गेली. त्याने उंची विचारली, तिथे मी वजन लिहिलं. त्यामुळे माझी उंची अठ्ठावन्न सेंटिमीटर झाली, ती आजतागायत तेवढीच आहे. मग एकदाचं टीमचं पान उघडलं. वर माझं नाव, पुढे शून्य दशांश शून्य शून्य. खाली तिचं नाव, पुढे शून्य दशांश शून्य शून्य. मी त्या दोन शून्यांच्या ओळींकडे बघत बसले. मला दिसतंय ते तिलाही दिसत असणार. माझा आकडा हलला की तिला कळेल, आईने हाक ऐकली. नाही हलला तर तिला कळेल की आई अजून 'बघू'वरच आहे. बाकी सायकलींचं पुण्य ज्याला हवं त्याने घ्यावं, मला तो आकडा हलवायचा होता.

आणि हे ह्यांना कळू द्यायचं नव्हतं. पाकीट तांदळाच्या डब्यामागे गेलं.

शनिवारी पहाटे सहाला मी चपला घालून खाली उतरले. बिल्डिंगच्या दारापासून नाक्यापर्यंत चार माणसं भेटली आणि चौघांनी विचारलं, "कुठे निघालात?" आपल्याकडे हा प्रश्न नाही, रामराम आहे, हे मला कळतं. पण उत्तर तर द्यावं लागतं. दूध आणायला ह्यांचं जाणं ठरलेलं, भाजी त्या वेळी मिळत नाही, आणि 'धावायला' असं बावन्नाव्या वर्षी रस्त्यात उभं राहून म्हणायची माझी जीभ रेटेना. आठ वाजायच्या आत ते ह्यांच्या कानावर गेलं असतं. मी नाक्यावरून परत फिरले आणि चौथ्याला सांगितलं की दिवा चालू राहिला.

जिना चढताना मला युक्ती सुचली. सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात दत्ताचं छोटंसं देऊळ आहे. तिथली वाडी तोडून बिल्डिंगा उभ्या राहिल्या तेव्हा औदुंबराला हात लावायची कोणाची छाती झाली नाही, म्हणून झाड राहिलं, आणि झाड राहिलं म्हणून देऊळ आलं. औदुंबराला पार आहे, पाराभोवती फरशी आहे. देवाभोवती फिरणाऱ्या बाईला 'कुठे निघालात' असं कोणी विचारत नाही. कुठे म्हणून निघालेलीच नसते ती.

मी पावलांनी फेरी मोजली. साधारण पंधरा मीटर. पाच हजार भागिले पंधरा, म्हणजे तीनशे तेहतीस फेऱ्या आणि वर थोडं. एका दमात होणं शक्य नव्हतं, म्हणून रोज पन्नासच्या आसपास घालायच्या असं ठरवलं. एका दमातच करायच्या असतात असं कागदावर बारीक अक्षरात होतं, पण बारीक अक्षर वाचायचं खातं आमच्याकडे ह्यांचं.

चपला घालून धावता येईना. माळ्यावर मुलीचे कॉलेजातले कॅनव्हासचे बूट होते, ते काढले. ते माझ्या पायात बसले. त्याने मला जरासं रडू आलं, पण पन्नास फेऱ्या व्हायच्या होत्या, म्हणून आवरलं.

पहिल्या दिवशी धावणं म्हणजे काय ते कळलं. अकराव्या फेरीला पोटात कळ आली, सोळाव्या फेरीला चक्कर, आणि त्यात एकाच दिशेने गोल फिरत असल्यामुळे नक्की दमून गरगरतंय की फिरून, हे समजेना. उलटं फिरून बघावं असं वाटलं, पण देवाला उलट्या फेऱ्या कशा घालणार? कशाबशा पन्नास पुऱ्या केल्या, पारावर टेकले आणि फोन उघडला. नकाशावर लोकरीचा गुंता झाला होता. आणि अंतर दाखवत होतं शून्य दशांश शून्य आठ.

मला वाटलं, यंत्राला सवय व्हायची असेल. रविवारी साठ घातल्या, शून्य दशांश एक एक. टीमच्या पानावर तर एवढंही चढत नव्हतं. तिथे माझ्या नावापुढे तीच शून्यं. आभासी धाव असेल, पण माझ्या पोटऱ्या खरोखरच्या दुखत होत्या. आणि दुसऱ्या ओळीतलं तिचं शून्य? तेही जागचं हलत नव्हतं. मग मला हाक मारलीच कशाला? की मारून झाल्यावर तिचाच विचार बदलला? भाजी फोडणीला टाकताना, कपडे वाळत घालताना मी ते पान उघडून बघायची. दोन्ही शून्यं समोरासमोर बसलेली, आमच्या दोघींसारखी.

मंगळवारी तळमजल्यावरच्या आजींनी मला धरलं. देवळाची किल्ली त्यांच्याकडे असते. ऐंशी ओलांडली तरी सोसायटीत कोणी शिंकलं तर त्यांना आधी कळतं.

"काय गं, वाघ मागे लागलाय का तुझ्या?" त्या म्हणाल्या.

मी थांबले. श्वास मावत नव्हता.

"प्रदक्षिणा अशा घालतात होय? भरल्या दिवसांची बाई डोक्यावर तेलाचा घडा घेऊन कशी चालेल, तशी घालायची प्रदक्षिणा. थेंब सांडता कामा नये. तू तर सगळा घडा सांडत चाललीयेस." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "कोणासाठी चाललंय एवढं?"

दम लागलेल्या माणसाला खोटं सुचत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "मुलीसाठी."

दोन वर्षांत त्या सोसायटीत मी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला होता. आजींनी माझ्याकडे बघितलं, पायातल्या बुटांकडे बघितलं, भरल्या दिवसांची बाई हे स्वतःचेच शब्द बहुधा मनात फिरवले, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "बरं बरं," त्या म्हणाल्या. "मग तर सावकाशच घाल हो." मला वाटलं, किती समजूतदार म्हातारी आहे.

बुधवारी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई भेटल्या. माझ्याकडे बघून हसल्या आणि हळूच म्हणाल्या, "कळलं आम्हाला. कितवा?"

मी दचकले. शर्यतीची बातमी फुटलेली दिसत होती. लपवून आता काय उपयोग, म्हणून सांगून टाकलं, "पाचवा." शनिवारपासून मोजला तर बुधवार पाचवाच दिवस होता.

"अय्या, म्हणजे जूनमध्ये."

सायकली केव्हा वाटणार ते मला माहीत नव्हतं, पण जून मला पटला. मी म्हटलं, "हो ना, शाळा सुरू व्हायच्या आत मिळायला हव्यात."

"शाळेला अजून वेळ आहे हो," असं म्हणून त्या उतरून गेल्या. मला त्यांचं बोलणं जरा चमत्कारिक वाटलं. त्यांनाही माझं वाटलं असणार.

गुरुवारी दाराच्या कडीला कोणीतरी आवळ्यांची पिशवी अडकवून गेलं. शुक्रवारी तिसऱ्या मजल्यावरून चिंचेचा गोळा आला. धावणाऱ्या माणसाला आंबट लागतं का, हे मी फोनला विचारलंसुद्धा. फोन म्हणाला, पाणी भरपूर प्या. पोटऱ्यांपायी रोजचा आकडा घसरत गेला, तरी एव्हाना माझ्या पावणेतीनशे फेऱ्या झाल्या होत्या आणि टीमच्या पानावर शून्य. मला काहीच कळेनासं झालं होतं. मुलीने बोलावलं होतं की नाही, मी धावत होते की नाही, आणि लोक माझ्याशी इतके गोड का वागत होते.

शनिवारी संध्याकाळी हे सोसायटीच्या मीटिंगहून आले. चपला काढल्या, दार लावलं, कडीही लावली. मी कुकर लावत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुला कोणी सांगितलं?"

"काय?"

"पाचवा."

झालं, कळलं ह्यांना, माझ्या मनात आलं. मी शिट्टी बसवत म्हटलं, "आज आठवा झाला. पाचवा बुधवारी होता."

"आठवा कसा असेल? काहीतरी काय बोलतेस?"

"शनिवारपासून मोजा ना तुम्ही."

"शनिवारपासून महिने मोजतात का कुठे?"

"महिने कोण मोजतंय? मी दिवस सांगतेय."

एका खोलीत दोन वेगवेगळी बोलणी चालली होती, हे मला तेव्हा समजलं. आवळे, चिंच, आजींचा मऊ चेहरा, जून. मी गॅस बंद केला.

"कोणाला पाचवा महिना आहे?" मी विचारलं.

ते स्टूल ओढून बसले, आणि त्यांच्या बसण्यावरून मला उत्तर कळलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ऑक्टोबरात ह्यांचा खांदा धरला होता, तेव्हा वसई गावात एका ठिकाणी व्यायामाच्या उपचारांना जायचे, मंगळवारी आणि शुक्रवारी. तिथल्या बाजारात एका सकाळी मुलगी समोर आली. ती आणि जावई पुणं सोडून पाचूबंदरला त्याच्या आईकडे राहायला आले होते. ती 'बाबा' म्हणाली. बस्स, तेवढंच म्हणाली, आणि ह्यांना पुढे जाता येईना. दोघांनी एस.टी. स्टँडजवळ चहा घेतला. दिवाळीच्या आधीच ह्यांचा खांदा बरा झाला. मंगळवार आणि शुक्रवार मात्र चालू राहिले.

"आणि ते बोंबील?" मी विचारलं. हे शुक्रवारी ताजे बोंबील आणायचे. असे बोंबील आपल्या नाक्यावर मिळत नाहीत म्हणून मी बिल्डिंगभर कौतुक केलं होतं.

"तिच्या सासूने दिलेले."

म्हणजे चार महिने मी मुलीच्या सासरचे बोंबील तळत होते आणि मलाच तेवढा पत्ता नव्हता. माझा संताप संताप झाला. मी म्हटलं, "तुम्हीच म्हणाला होतात, नाव काढायचं नाही. तुमच्यासाठी मी दोन वर्षं तोंड शिवून बसले. आणि तुम्ही तिकडे चहा पिताय?"

"मी एकदाच म्हणालो होतो. रागात," ते म्हणाले. "नंतर वाट बघत होतो, तू कधी विषय काढतेस त्याची. तू काढलाच नाहीस. मला वाटलं, तुझाच राग गेला नाही."

"आणि तिला काय सांगत होतात?"

ते म्हणाले, "तिने दर वेळी विचारलं. मी सांगायचो, आई अजून तयार नाही."

इतका वेळ मी भांडत होते, त्या वाक्यापुढे मला भांडता येईना. चार महिने माझी पोर पाच-सहा किलोमीटरवर बसून दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी ऐकत होती की आई तयार नाही. आणि आई इथे तयारच बसलेली, कोणी विचारलं नाही म्हणून.

काही वेळाने मी तांदळाच्या डब्यामागून पाकीट काढलं आणि टी-शर्ट त्यांच्यापुढे धरला. "हे तुमचं काम?"

त्यांनी तो उलगडून माझ्याकडे बघितलं. "माप चुकलं का?"

बत्तीस वर्षं विम्याच्या ऑफिसात काढलेला माणूस. तोंडाने चार शब्द बोलायचे तर घाम फुटतो, पण फॉर्म म्हटलं की हात शिवशिवतात. व्यायामाच्या दवाखान्यात त्या शर्यतीचा कागद लावलेला होता, त्यात दोन बायकांची टीम करायची सोय होती. ह्यांनी दोघींची नावं भरली. मला वाटावं मुलीने भरलं, तिला वाटावं आईने भरलं, आणि मग आमचं आम्ही बघून घ्यावं, असा बेत. मला वाटलं तसंच. तिलाही वाटलं तसंच.

"मग ती का चालत नाही?" मी विचारलं. "डॉक्टरांनी नको म्हटलंय?"

"डॉक्टर तर म्हणतात, चालत जा. पण ती रोज फोनवर बघत बसते, आईचा आकडा हलला का. म्हणते, आईने नाव दिलंय तर आई निघेल. ती निघाली की मी निघते."

मी तीनशेच्या वर फेऱ्या घातल्याचं त्यांना सांगितलं. अ‍ॅपचा गुंता दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "अगं, झाडाभोवती फिरलीस तर यंत्राला कसं कळणार तू कुठे निघालीस ते?"

दुसऱ्या दिवशी रविवार, शेवटचा दिवस. सहा वाजता मी सलवारीवर तो पिवळा टी-शर्ट घातला, तो माझ्या गुडघ्यांना लागत होता. ह्यांनी माझ्या छातीवर नंबर लावला, पिना वाकड्या लागल्या. "रिक्षा सांगू का?" त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. रिक्षात बसले असते तर वाटेतल्या पापडीपर्यंत जाताजाता मी परत 'बघू' म्हटलं असतं, मला माझी खात्री नव्हती. "आणि तिला फोन करू नका," मी बजावलं. "तुमची मध्यस्थी पुरे झाली." त्यांनी मान डोलावली आणि फोनवरचं हिरवं बटण स्वतः दाबून दिलं.

नाक्यावर दोघांनी विचारलं, "कुठे निघालात?" मी धावता धावता म्हटलं, "मुलीकडे." ऐकून ते बाजूला झाले.

सरळ रस्त्याने धावणं वेगळंच असतं. तिथे पार नसतो, त्यामुळे किती राहिलं ते कळत नाही. अर्ध्या किलोमीटरला मी धावायची थांबले आणि चालायला लागले, मग लाज वाटून परत धावले, मग परत चालले. पापडीला चर्चमधून पहिल्या मिस्साची, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेची, माणसं बाहेर पडत होती. माझा पिवळा अंगरखा आणि छातीवरचा नंबर बघून त्यांनी शिस्तीत वाट दिली. दोन रिक्षावाल्यांनी हळू करून विचारलं, हॉस्पिटलला जायचंय का. खिशातल्या फोनमधली बाई मधूनमधून इंग्रजीत काही सांगत होती. वसई गावाच्या स्टँडपाशी ती बरंच लांब बोलली, मागे टाळ्याही वाजल्या. पाच किलोमीटर झाले असणार. थांबून बघायला हवं होतं, पण थांबले तर पाय परत उचलणार नाहीत अशी भीती वाटत होती. मी किल्ल्याच्या बाजूने पुढे गेले.

पाचूबंदरला बांबूच्या मांडवांवर बोंबील सुकत घातले होते. वाटेवर जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका म्हाताऱ्याला मी जावयाचं नाव घेऊन घर विचारलं. ते नाव मी तोंडाने पहिल्यांदाच घेत होते. त्याने सुईने समोरच्या गल्लीकडे दाखवलं, निळं दार म्हणाला. मी तेवढी गल्लीही धावले.

दार उघडंच होतं. ओट्यावर तिची सासू सूप घेऊन सुका जवळा निवडत बसली होती. मी चौकट धरून उभी राहिले. केस सुटलेले, अंगरखा घामाने भिजलेला, तोंडाचा आ वासलेला. आतून मुलगी आली. तिचं पोट दिसू लागलं होतं. तिने मला बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला.

"बाबांना काय झालं?"

मी मान हलवली. आवाज फुटेना.

"आई, बाबांना काय झालं? सांग ना." तिने भिंतीला हात लावला. आपल्याकडे माझ्या वयाची बाई सकाळच्या प्रहरी दारात धावत येते ती कधी चांगली बातमी घेऊन येत नाही. तिचं काय चुकलं? मी दोन्ही हातांनी नाही नाही करत होते, त्याने ती आणखीच घाबरली. तिचे डोळे भरून आले.

सासू सूप खाली ठेवून उठली. "आधी पानी पिऊ दे तिला, मग विचार," ती म्हणाली, आणि तिनेच तांब्या आणून माझ्या हातात दिला. अर्धं पाणी मी प्याले, अर्धं छातीवरच्या नंबरवर सांडलं.

"बाबा बरे आहेत," मी म्हटलं. "घरी आहेत. काही झालेलं नाही."

"मग?"

"मग काही नाही. तुला भेटायला आले."

ती रडत होती आणि रागावलेलीही होती, लहानपणी पडल्यावर व्हायची तशी. मग तिने पुढे होऊन माझा दंड धरला, मला ओट्यावर बसवलं आणि म्हणाली, "मग एवढी धावत कशाला आलीस? सावकाश चालत यायचं ना."

"उशीर झाला होता गं," मी म्हटलं.